केळ

कर्वेनगरला, एका सोसायटीच्या पार्किंगला लागून
आईचं इस्त्रीचं टेबल.
टेबलाखाली पालथा डबा, डब्यावर मी,
मांडीवर पहिलीचं पुस्तक.

आईला मराठी येत होती ती एवढीच:
किती कपडे, उद्या सकाळी, डाग आधीचाच आहे ताई.
बाकी हिशेब, भांडण, देवाशी बोलणं
सगळं यादगीरहून आणलेल्या कानडीत.
लिहिता तिला त्याही भाषेत येत नव्हतं.

उंडाळे बाईंनी वहीत लाल शेरा मारला:
घरी रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचून घ्यावे.
शेरा मीच वाचून, मीच तिला कानडीत सांगितला.
गाळता आला असता. सुचलं नाही.
तिनं इस्त्री विटेवर ठेवली,
हात पदराला पुसले आणि म्हणाली, हूं.

पहिलं चित्र पिवळं, वाकडं, अर्धं सोललेलं.
क वर मात्रा, शेजारी ळ.
केळ, मी वाचलं.
आई सावरून बसली.
केळ म्हणजे आमच्याकडं ऐक.
मी पुन्हा म्हटलं, केळ.
ऐकतेच आहे की, ती म्हणाली, पुढं बोल.
पुढच्या पानावर पाळण्यातलं बाळ आलं, तेव्हा हसायलाच लागली.
बाळे म्हणजे तिच्या गावात केळं.
केळ्याला ऐक म्हणायचं आणि लेकराला केळं,
कसली गं तुमची शाळा!

वर्गातलं ऐकून मी एकदा सकाल म्हटलं.
तिनं थांबवलं. हा शब्द तिचाही होता, धंद्यातला.
जीभ मागं दुमडून, तोंड उघडून दाखवली,
आत सुपारी ठेवल्यासारखी: ळ.

मोजणं तिचं पक्कं.
पन्नास कपड्यांत एक हातरुमाल कमी असला
तरी गठ्ठा उचलतानाच कळायचं.
ओळीतल्या मोकळ्या जागा तिनं तशाच हेरल्या.
भाजल्याचा डाग असलेलं तिचं बोट
शब्दाशब्दाखालून सरकायचं, माझ्या तोंडाच्या चालीनं.
जोडाक्षर आलं की मी टुणकन उडी मारायची.
बोट तिथंच.
एक उरलाय, ती म्हणायची.
कुठला, ते तिला ठाऊक नसायचं.
ज्योत्स्नापाशी आम्ही अख्खी संध्याकाळ काढली,
तिसऱ्या मजल्यावरचे शर्ट तसेच राहिले,
बोलणी खाल्ली.

पुस्तक संपल्यावर कपडे गुंडाळायचे पेपर वाचले.
गुरुवारी पाणी बंद. भाडेकरू पाहिजे, शाकाहारी.
निधन. निधन. दशक्रिया विधी ओंकारेश्वर.
मी घाई केली की ती म्हणायची, निधान,
म्हणजे सावकाश.
पुढं कॉलेजात कोश चाळताना भेटला, मराठीतला:
निधान, ठेवा.
घरी येऊन सांगितलं नाही. फारच गोड झालं असतं.

चौथीत फॉर्म आला. पालकांचे शिक्षण.
बाईंनी विचारलं, आई काय शिकलीय?
मी म्हटलं, अडाणी.
पोरं हसली.
मीही हसले, त्यांच्याआधी की नंतर
ते आता आठवत नाही.
त्या संध्याकाळीही ती बोट घेऊन तयार.

आता टेबल नाही. मनगट धरलंय तिचं,
पोळी लाटतानासुद्धा कळ येते.
मराठी बरीच कळते, मालिका बघते,
खलनायिकेला मात्र कानडीतच शिव्या देते.

काल हा कागद तिच्यापुढं धरला, वारज्याच्या खोलीत.
तुझ्यावर लिहिलंय, म्हटलं, वाचते.
तिनं चष्मा लावला. वाचता येत नाही, तरी लावला.
बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं.
केळ, मी म्हटलं.
हूं.

फॉर्मपाशी आले आणि माझी जुनी उडी,
एका शब्दावरून, जोडाक्षर नव्हतं तरी.
मी पुढं निघून गेले, पोरं हसली, मीही हसले,
वाचत राहिले.

बोट तिथंच होतं.
एक उरलाय, ती म्हणाली.